पांढरी चिप्पी : भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जगणारं झाड

राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल तामण ही यादी स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना तोंडपाठ असते. ऑगस्ट २०२० मध्ये या यादीत आणखी एक नाव आलं. पांढरी चिप्पी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष ठरला. खारफुटीच्या एखाद्या झाडाला असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. परीक्षेपुरतं नाव पाठ झालं, पण झाड पाहिलंय का असं विचारलं तर फार थोडे हात वर होतात. म्हणून आजच्या व्याख्यानात आपण हे एकच झाड घेणार आहोत. त्याची मुळं, त्याचं फूल, ते कुठे उगवतं आणि कुठे उगवत नाही. शेवटी एका अवघड प्रश्नाकडे येऊ : हे झाड कुऱ्हाड न लावता कसं मरतं?

आधी नावाचं बघू. शास्त्रीय नाव सोनेरेशिया अल्बा. अल्बा म्हणजे पांढरी. सोनेरेशिया हे नाव पिएर सोनेरा या अठराव्या शतकातल्या फ्रेंच निसर्गअभ्यासकावरून आलं. भारतात आणि पूर्वेकडच्या बेटांवर तो हिंडला होता. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांच्या मुलानं १७८२ मध्ये हे नाव दिलं. गंमत म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडाही याच माणसाच्या नावानं ओळखला जातो, गॅलस सोनेराटी. म्हणजे घाटात एक पक्षी आणि खाडीत एक झाड, दोघांचा नामधारक एकच.

आता कुळ. चिप्पी ज्या कुळात येते त्याच कुळात मेंदी, डाळिंब, धायटी, पाण्यातला शिंगाडा आणि आपलं राज्यफूल तामण येतं. राज्यफूल आणि राज्य कांदळवन वृक्ष अशी चुलत भावंडं निघाली, हे ठरवून झालं नसावं, पण झालं छान. हे नातं पटत नसेल तर चिप्पीचं फळ हातात घ्या. डाळिंबाच्या टोकाला जसा मुकुट असतो तसा चांदणीच्या आकाराचा जाड पुष्पकोश चिप्पीच्या फळाला चिकटलेला असतो. फरक इतकाच की डाळिंबात तो टोकाला असतो आणि चिप्पीत देठाच्या बाजूला. फळ हिरवं, चपटं-गोल, लिंबाएवढं. त्याच्या डोक्यावर फुलाचा लांब कुक्षीवृंत सुकून शेपटीसारखा राहिलेला असतो.

ओळखायची कशी?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चिप्पीच्या तीन जाती आढळतात. एकदा खुणा समजल्या की गोंधळ होत नाही.

पांढऱ्या चिप्पीची पानं जाड, चामड्यासारखी आणि टोकाला गोल असतात, समोरासमोर जोडीनं येतात. फुलाचे पुंकेसर पांढरे. फळ धरलं की पुष्पकोशाच्या पाळ्या मागे देठाकडे वळतात.

दुसरी सोनेरेशिया कॅसिओलॅरिस. हिचे पुंकेसर बुडाशी लाल, वर पांढरे, आणि पाकळ्याही लाल. फळाखालचा पुष्पकोश बशीसारखा सपाट पसरलेला असतो.

तिसरी सोनेरेशिया अपेटाला. अपेटाला म्हणजे पाकळ्या नसलेली. पानं अरुंद, फांद्या खाली लोंबणाऱ्या, आणि फुलाची कुक्षी छत्रीसारखी रुंद. ठाणे खाडीच्या बाजूला दिसणारी चिप्पी बहुधा हीच असते. बंगालच्या सुंदरबनात हिला केवडा या शब्दाशी मिळतंजुळतं केओडा असं नाव आहे. आपल्या सुगंधी केवड्याशी तिचा काही संबंध नाही. तिथे चितळ हिची पानं आणि गळलेली फळं खातात. झाडावर माकडं चरत असली की खाली चितळांचा कळप हटकून जमतो.

आणि तिवर? तिवरही खाडीत, चिखलात, चिप्पीच्या शेजारीच असतो. दोघांचीही मुळं चिखलातून वर डोकावतात. पण तिवराची मुळं पेन्सिलीसारखी बारीक आणि चिप्पीची बुंध्याशी जाड, वर निमुळती, शंकूसारखी. ओहोटीला लांबूनसुद्धा हा फरक दिसतो. या मुळांचं लाकूड इतकं हलकं असतं की बऱ्याच देशांतले मच्छीमार त्याचा उपयोग जाळ्याचे तरंगते गोळे आणि बाटलीची बुचं करण्यासाठी करत आले आहेत. हा हलकेपणा कशामुळे येतो, तेच आता बघू.

चिखलात श्वास कसा घ्यायचा?

शेतातल्या मातीत कणांच्या मधे हवा असते. मुळं ती हवा घेतात. खाडीच्या गाळात कण इतके बारीक आणि पाण्यानं इतके भरलेले असतात की हवेला जागाच नाही. वरच्या पातळ थराखाली प्राणवायू जवळपास शून्य. तिथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू असतात. गाळात पाय घातला की जो सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांनी तयार केलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा, आणि गाळाचा काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. अशा ठिकाणी आंबा किंवा फणस लावला तर त्याची मुळं गुदमरून काही दिवसांत कुजतील.

चिप्पीची मुख्य मुळं जमिनीखाली फार खोल जात नाहीत. ती आडवी, दोरखंडासारखी, चहूबाजूंनी पसरतात. त्यांच्यापासून काही मुळं खाली जाऊन झाड रोवून धरतात आणि काही सरळ वर, चिखलाबाहेर येतात. हीच श्वसनमुळं. त्यांच्या सालीवर सूक्ष्म छिद्रं असतात आणि आत स्पंजासारखी पोकळ ऊती. हलकेपणाचं कारण हेच, मूळ म्हणजे बरंचसं हवेनंच भरलेलं. वरची पातळ साल खरवडली तर खाली हिरवा थर दिसतो. म्हणजे हे मूळ उन्हात थोडंफार अन्नही तयार करतं.

पण खरी युक्ती पुढे आहे. भरती आली की श्वसनमुळं पाण्याखाली जातात. छिद्रं अशी असतात की त्यांतून हवा जाते, पण पाणी सहजी आत शिरत नाही. आत साठलेला प्राणवायू मूळ हळूहळू वापरतं. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो. त्यामुळे मुळाच्या आतला दाब कमी होतो. ओहोटी लागली, छिद्रं उघडी पडली, की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. भाता दाबून सोडल्यासारखं म्हणा. हा भाता समुद्र चालवतो, साधारण साडेबारा तासांनी एकदा. १९५५ मध्ये स्कोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिवर आणि कांदळ या झाडांच्या मुळांवर हे प्रयोग केले. छिद्रांना ग्रीस फासून ती बंद केली तर गाळातल्या मुळांमधला प्राणवायू झपाट्यानं घटत गेला. छिद्र बंद तर श्वास बंद, इतकं सरळ गणित.

ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला लागणार आहे. चिप्पीला भरती जितकी हवी तितकीच ओहोटीही हवी.

मिठाचं काय? तिवर पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो, उन्हात त्याच्या पानांवर कण चमकतात. चिप्पीला अशा ग्रंथी नसतात. तिची मुळंच पाणी गाळून घेतात आणि बहुतेक मीठ बाहेर ठेवतात. तरी जे थोडं आत येतं ते पानांत साठतं, जुनी पानं जाड होत जातात आणि शेवटी मिठासकट गळून पडतात.

एका रात्रीचं फूल

चिप्पीचं फूल पाहायचं तर संध्याकाळी. दिवसभर कळी घट्ट मिटलेली असते, जाड हिरव्या पुष्पकोशात. सूर्य मावळतीला आला की पाळ्या उघडतात. त्यांची आतली बाजू लालसर असते. मधून पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका बाहेर पडतो, अक्षरशः शेकडो तंतू, पावडर लावायच्या पफसारखा. पाकळ्या असतात, पण इतक्या अरुंद की पुंकेसरांत हरवून जातात. पुष्पकोशाच्या वाटीत मकरंद साठतो. सकाळपर्यंत पुंकेसर गळून खाली चिखलात किंवा पाण्यावर पांढरा सडा पडतो. फुलाचं आयुष्य एका रात्रीचं.

पांढरा रंग, रात्रीची वेळ, भरपूर मकरंद आणि वजन पेलणारा मजबूत पुष्पकोश, या सगळ्यांवरून पाहुणा कोण ते ओळखता येतं. मोठे पतंग येतात आणि वटवाघळं येतात. वटवाघूळ फुलाला बिलगून मकरंद चाटतं, तेव्हा त्याच्या तोंडाला, छातीला पराग फासला जातो आणि पुढच्या फुलाकडे जातो.

हे नातं किती दूरवर पोचतं याचं उत्तम उदाहरण मलेशियातलं आहे. तिथे डुरियन नावाचं काटेरी, फणसासारखं, प्रचंड लोकप्रिय आणि महाग फळ पिकतं. डुरियनचं परागण मुख्यतः मकरंद पिणारी गुहावासी वटवाघळं करतात. पण डुरियन वर्षातून काही आठवडेच फुलतो. मग उरलेले महिने वटवाघळं काय खातात? १९७० च्या दशकात स्टार्ट आणि मार्शल या संशोधकांनी क्वालालंपूरजवळच्या बाटू गुहांतल्या वटवाघळांच्या अंगावरचे आणि विष्ठेतले परागकण तपासले. त्यात चिप्पीचे पराग मोठ्या प्रमाणात निघाले. चिप्पी जवळजवळ वर्षभर फुलत असते, त्यामुळे वटवाघळं गुहेपासून तीस किलोमीटरहून दूर, समुद्रकाठच्या खारफुटीपर्यंत रात्री जाऊन येत होती.

याचा अर्थ काय झाला? डोंगरातल्या बागायतदाराचं पीक किनाऱ्यावरच्या एका झाडावर अवलंबून, आणि त्या बागायतदारानं ते झाड कदाचित कधी पाहिलेलंही नाही. खारफुटी तोडली तर नुकसान मच्छीमाराचंच, असं आपण समजतो. पण ते डोंगरापर्यंत पोचू शकतं. आपल्याकडे डुरियन नाही, पण फळं आणि मकरंद खाणारी वटवाघळं आहेत, आणि रानातल्या व बागेतल्या अनेक झाडांचं परागण आणि बीजप्रसार ती करतात. तेव्हा वटवाघूळ अपशकुनी म्हणून हाकलण्याआधी हे आठवावं.

झाडाचा पत्ता

खाडीच्या नकाशावर कुठेही बोट ठेवून इथे चिप्पी लावू, असं चालत नाही. प्रत्येक जातीचा पत्ता ठरलेला असतो. तो दोन गोष्टींनी ठरतो : पाणी किती खारट, आणि झाड दिवसातले किती तास पाण्याखाली.

पांढरी चिप्पी खाडीच्या मुखाकडची. समुद्राच्या जवळपास पूर्ण खारट पाण्यात, समुद्राकडच्या अगदी बाहेरच्या रांगेत ती उभी राहते. रोजच्या भरतीला तिचा बुंधा पाण्यात असतो, मग उधाण असो की भांग. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत ती हीच जागा धरून आहे. लाल पुंकेसरांची चिप्पी मात्र खाडीत आत, नदीचं गोडं पाणी मिसळतं तिथे. गोव्यात मांडवीच्या काठानं मुखाकडून आत जाताना हा बदल दिसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाड्यांतही पहिल्या रांगेतली चिप्पी आणि तिच्या मागची तिवर-कांदळ अशी मांडणी पाहायला मिळते.

बाहेरच्या रांगेत उभं राहायचं तर बीसुद्धा तसंच हवं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. हातभर लांब, शेंगेसारखं रोप फळाला लटकतं आणि मग गळतं. चिप्पीचं तसं नाही. तिच्या एका फळात शंभराच्या आसपास बारीक बिया असतात. फळ तरंगत जातं, फुटतं, बिया गाळावर विखुरतात. त्यांतून येणाऱ्या इवल्या रोपाला भरपूर ऊन लागतं. मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढत नाही. म्हणून नवीन साठलेल्या, उघड्या गाळावर ती आधी पोचते. तिच्या मुळांत गाळ अडकतो, जमीन थोडी वर येते, आणि मग मागच्या मंडळींना जागा होते. गाळ हळूहळू चढत गेला तर चिप्पीची श्वसनमुळंही उंच होत जातात. पण हळूहळू म्हणजे वर्षानुवर्षं. एका रात्रीत डंपरनं राडारोडा ओतला तर कोणतंही मूळ तितक्या वेगानं वाढू शकत नाही.

कुऱ्हाडीविना मरण

आता आपण सुरुवातीच्या प्रश्नावर आलो. कायदा बघितला तर महाराष्ट्रात खारफुटीला चांगलं संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये खारफुटी तोडण्यावर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेलं : खारफुटीचा नाश म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ नुसार नागरिकांना मिळालेल्या जगण्याच्या हक्काचा भंग. खारफुटीभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामाला आणि राडारोडा टाकायलाही मनाई आहे. वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्याचं कांदळवन क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदलं आहे.

या सगळ्याचा उपयोग झाला आहे. पण कुऱ्हाड दिसते, पकडता येते. पाणी अडवलेलं दिसत नाही. खाडीच्या एका फाट्यावर भराव टाकून रस्ता नेला आणि खाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, किंवा बांधाची उघाडी बंद पडली, तर एकाही झाडाला हात न लावता सगळी रांग मरू शकते. दोन प्रकारे. भरती आत येणं थांबलं तर उन्हाळ्यात गाळ सुकतो, मीठ साठत जातं आणि मुळांना पाणी ओढता येत नाही. उलट, आलेलं पाणी बाहेर जाणं थांबलं तर श्वसनमुळं कायमची बुडतात, आणि मघाशी सांगितलेला भाता बंद पडतो. झाड वठलं की लोक म्हणतात रोग पडला. पुढे उघडी जमीन दिसते आणि कुणीतरी म्हणतं, इथे तर काहीच नाही.

मग आम्ही रोपं लावायची की नाही?

व्याख्यानानंतर हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून उत्तर इथेच देतो. लावा, पण आधी पत्ता विचारा.

फिलिपीन्सचा अनुभव यासाठी फार मोलाचा आहे. तिथे कित्येक दशकं मोठा निधी खर्चून खारफुटीची लागवड झाली. २००८ मध्ये प्रिमावेरा आणि एस्टेबान या संशोधकांनी तिचा आढावा घेतला. दीर्घकाळ जगण्याचं प्रमाण शंभरात दहा ते वीस रोपं, एवढंच निघालं. कारण ऐकण्यासारखं आहे. कांदळाचं लांब बी गोळा करायला सोपं, चिखलात नुसतं खोचलं की झालं. शाळेतली मुलंही करू शकतात, फोटोही चांगला येतो. म्हणून सगळीकडे कांदळच लावला गेला, समुद्राकडच्या अशा उघड्या पट्ट्यातही जिथे निसर्गानं तिवर आणि पांढरी चिप्पी ठेवली होती. तिथल्या लाटांत, इतका वेळ पाण्याखाली, कांदळ टिकला नाही. चिप्पीची रोपं रोपवाटिकेत वाढवावी लागतात, वेळ लागतो, म्हणून ती मागे पडली. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यांनी झाडाची सोय न बघता आपली सोय बघितली, एवढंच.

म्हणून आमचं सांगणं असं. आपल्या गावच्या खाडीत एखादी जागा उजाड दिसली तर पहिला प्रश्न विचारा : इथे पूर्वी काय होतं? ते का गेलं? पाणी येतं का, आणि येतं तर जातं का? पुष्कळदा अडलेला फाटा मोकळा केला, मोरीतला कचरा काढला, की भरती स्वतःच बिया घेऊन येते. आजूबाजूला बी देणारी झाडं शिल्लक असली तर लागवडीची गरजही पडत नाही. बी येण्यासारखं काही उरलंच नसेल तर मग रोपं लावावीत, आणि तीही त्या जागेच्या जातीची. हे काम वन विभागाला आणि गावातल्या मच्छीमारांना विचारून करावं. कुठला फाटा कधी बुजला, पूर्वी होडी कुठवर जायची, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

पाहायला जायचं असेल तर ओहोटीची वेळ बघून जा. शंकूसारखी मुळं दिसतील, पण त्यांच्यावर पाय देऊ नका, ती झाडाची नाकं आहेत. संध्याकाळपर्यंत थांबता आलं तर काठावरूनच कळ्या उमलताना दिसतील. आणि परत येताना रस्त्याखालच्या मोरीतून पाणी खरोखर वाहतंय का, तेवढं वाकून बघा. नसेल वाहत तर ग्रामपंचायतीला किंवा वन विभागाला लेखी कळवा.

पुढच्या भागात आपण या चिप्पीच्या मागच्या रांगेत जाऊ, कांदळाकडे. झाडावर लटकतानाच बी कसं रुजतं, ते तिथे पाहू.